दाबाखालचा प्राणवायू

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत एक छोटे यंत्र पोचले. बोटाला चिमटा लावायचा, लाल उजेड पेटायचा आणि आकडा दिसायचा. ९८ आला की घरातल्यांच्या जिवात जीव यायचा. ९० च्या खाली उतरला की फोन सुरू व्हायचे. बेड मिळेल का, सिलिंडर मिळेल का? त्याच महिन्यात नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि व्हेंटिलेटरवरचे रुग्ण दगावले. ऑक्सिजन हेही औषध आहे आणि ते मोजून द्यावे लागते, हे आपण त्या दिवसांत फार मोठी किंमत देऊन शिकलो.

पण त्याच यंत्राने आपल्या मनात एक अर्धवट समजूतही रुजवली. आकडा ९८-९९ झाला म्हणजे शरीरात ऑक्सिजन काठोकाठ भरला, आता आणखी देऊन उपयोग नाही, असे आपल्याला वाटू लागले. अतिदाब ऑक्सिजन उपचार, म्हणजे हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी, नेमकी या समजुतीच्या पलीकडे सुरू होते. या उपचारासाठी जास्त दाबाच्या बंद चेंबरमध्ये जाणाऱ्या बहुतेकांचा ऑक्सिमीटरवरचा आकडा आधीपासूनच उत्तम असतो. तरीही कुणाच्या तळपायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तर कुणाचे रेडिएशन घेतलेले जबड्याचे हाड झिजत जाते. रक्तात ऑक्सिजन आहे, पण जिथे हवा तिथे तो पोचत नाही. तो तिथवर पोचवायचा कसा?

हिमोग्लोबिन भरल्यानंतर

रक्त ऑक्सिजन दोन प्रकारे वाहून नेते. पहिला मार्ग तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचा. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असते आणि ते सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन धरून ठेवते. दुसरा मार्ग रक्तद्रवाचा, म्हणजे प्लाझ्माचा. त्यात ऑक्सिजन कुणालाही न चिकटता नुसता विरघळलेला असतो. हवेत श्वास घेताना हा वाटा १०० मिलिलिटरमागे जेमतेम ०.३ मिलिलिटर. इतका किरकोळ, की रोजच्या हिशेबात डॉक्टरही तो सोडून देतात. ऑक्सिमीटर मोजतो तो फक्त पहिला मार्ग. हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरलेले असेल, तर त्यात भर घालायला जागाच नसते.

दुसऱ्या मार्गाला मात्र अशी मर्यादा नाही. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम सांगतो की, द्रवात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर ठरते. दाब दुप्पट केला की विरघळणारा वायूही दुप्पट. सोड्याच्या बाटलीत हेच घडते. बूच बंद असते तोवर वायू पाण्यात गुपचूप विरघळून राहतो. बूच उघडले, दाब उतरला की बुडबुडे होऊन फसफसत बाहेर येतो.

आता हा नियम रक्ताला लावून पाहू. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. त्यातला ऑक्सिजनचा वाटा सुमारे १६०, आणि फुप्फुसाच्या पोकळ्यांत पोचेपर्यंत उरतो १०० च्या आसपास. माणसाला त्याच दाबाला मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर प्लाझ्मात विरघळलेला ऑक्सिजन ०.३ वरून सुमारे २ मिलिलिटरवर जातो. त्याला बंद चेंबरमध्ये बसवून दाब तिप्पट केला आणि शुद्ध ऑक्सिजन दिला, तर हाच आकडा ६ मिलिलिटरच्या घरात पोचतो. शांत पडून असलेल्या माणसाच्या पेशी प्रत्येक १०० मिलिलिटर रक्तातून साधारण ५ ते ६ मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेतात. म्हणजे कागदावर तरी, हिमोग्लोबिनने काहीच केले नाही तरी शरीराची गरज नुसत्या प्लाझ्मावर भागू शकते.

ॲमस्टरडॅममधली डुकराची पिल्ले

कागदावरचा हा हिशेब जिवंत शरीरात तपासून पाहिला तो नेदरलँड्‌समधले शल्यविशारद इटे बुरेमा यांनी. ते ॲमस्टरडॅमला शस्त्रक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९५० च्या दशकात हृदयाची शस्त्रक्रिया म्हणजे मिनिटांशी शर्यत होती. रक्ताभिसरण थांबवले की मेंदूच्या पेशी काही मिनिटांत मरू लागतात. शरीर आधीच ऑक्सिजनने भरून ठेवता आले तर सर्जनला चार मिनिटे जास्त मिळतील, असा बुरेमांचा विचार होता. सुरुवातीचे प्रयोग त्यांनी डच नौदलाच्या पाणबुड्यांसाठी असलेल्या दाबाच्या टाकीत केले. पुढे त्यांच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करता येईल एवढे मोठे चेंबर उभे राहिले.

१९६० मध्ये त्यांनी आपला गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. डुकराच्या पिल्लांना तीन वातावरणांच्या, म्हणजे समुद्रसपाटीच्या तिप्पट, दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनवर ठेवून त्यांचे रक्त काढून घेतले आणि त्या जागी प्लाझ्मासारखा द्रव भरला. हिमोग्लोबिन इतके खाली गेले की एरवी प्राणी क्षणभरही जगला नसता. पिल्लांची हृदये धडधडत राहिली. नंतर त्यांचे रक्त त्यांना परत दिले आणि ती बरी झाली. या निबंधाला बुरेमांनी नाव दिले 'रक्ताविना जीवन'.

हृदयशस्त्रक्रियेला पुढे या चेंबरची गरज राहिली नाही, कारण हार्ट-लंग मशीन सुधारत गेले. पण त्याच रुग्णालयात १९६१ मध्ये विलेम ब्रुमेलकाम्प यांनी गॅस गँगरीनच्या रुग्णांवर हा उपचार केला. हा आजार घडवणारे क्लॉस्ट्रिडियम जंतू ऑक्सिजन नसलेल्या मांसात वाढतात आणि असे विष सोडतात की काही तासांत अख्खा पाय काळा पडतो. ऑक्सिजनचा दाब पुरेसा वाढला की हे विष तयार होणे थांबते. जंतूला जगायला जी परिस्थिती लागते, तीच इथे नाहीशी केली जाते. शस्त्रक्रिया आणि अँटिबायोटिक्स यांना पर्याय म्हणून नव्हे, तर त्यांच्या जोडीला हा उपचार आजही दिला जातो.

चेंबरच्या आत

चेंबर दोन प्रकारचे असतात. एका माणसाच्या चेंबरची नळी बहुधा पारदर्शक ॲक्रिलिकची असते. पेशंट आत आडवा होतो आणि संपूर्ण नळीत ऑक्सिजन भरतात. अनेकांच्या चेंबरमध्ये खोलीभर साधी हवा दाबून भरतात आणि प्रत्येकाला मास्क किंवा डोक्यावरच्या पारदर्शक हूडमधून ऑक्सिजन देतात. दार बंद झाले की दाब चढू लागतो आणि हवा थोडी गरम होते. घाट उतरताना बसतात तसे कानात दडे बसतात. टेक्निशियन बाहेरून सूचना देत असतात : आवंढा गिळा, नाक दाबून हलकेच फुंका, दुखले तर लगेच हात वर करा. कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला नाही तर पडद्याला इजा होऊ शकते. या उपचाराचा सर्वांत जास्त आढळणारा त्रास हाच.

भरत नसलेल्या जखमेसाठी साधारणपणे २ ते २.५ वातावरणांचा दाब आणि दीड-दोन तासांची बैठक असते. मध्ये काही मिनिटे पेशंटला ऑक्सिजनऐवजी साधी हवा देतात, त्याचे कारण पुढे येईलच. अशा बैठका आठवड्यातून पाच दिवस चालतात आणि त्यांची संख्या तीस-चाळीसपर्यंत जाते. मधुमेही पेशंटची साखर आत जाण्यापूर्वी तपासतात, कारण बैठकीदरम्यान ती उतरू शकते. काहींना महिनाभरात लांबचे धूसर दिसू लागते. बहुतेकांची नजर उपचार संपल्यावर हळूहळू पूर्ववत होते. फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल, म्हणजे न्यूमोथोरॅक्स असेल, तर त्यावर आधी इलाज केल्याशिवाय कुणालाही आत घेत नाहीत.

जखमेत काय घडते

दीड तासानंतर पेशंट बाहेर येतो आणि थोड्याच वेळात रक्तातला जादा ऑक्सिजन ओसरतो. मग उरलेले बावीस तास काय? या प्रश्नाच्या उत्तरात उपचाराचे खरे मर्म आहे.

ऑक्सिजन रक्तातून पेशीकडे जातो तो केशवाहिनीच्या भिंतीतून झिरपत. तो किती दूर झिरपेल याचे गणित डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी मांडले. त्या गणितानुसार तीन वातावरणांच्या दाबाला हे अंतर तीन-चार पटींनी वाढते. बारीक रक्तवाहिन्या निकामी झालेल्या, सुजलेल्या मांसात हा फरक मोठा ठरतो. शिवाय जादा ऑक्सिजनमुळे रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात. प्रवाह कमी होतो, सूज उतरते, आणि तरीही ऑक्सिजन आधीपेक्षा जास्तच पोचतो. म्हणून अपघातात चिरडलेल्या हातापायांवरही हा उपचार उपयोगी पडतो.

जखम भरण्यासाठी तीन कामे व्हावी लागतात आणि तिन्हींना ऑक्सिजन लागतो. पहिले काम जंतू मारण्याचे. पांढऱ्या पेशी जंतूला गिळल्यावर ऑक्सिजनपासूनच मारक रेणू बनवतात. जखमेत ऑक्सिजन नसेल तर जंतू गिळला जातो, पण मरत नाही. दुसरे काम कोलॅजेन विणण्याचे. त्याच्या धाग्यांना बळकटी देणारी रासायनिक क्रिया ऑक्सिजनशिवाय होत नाही. तिसरे काम नव्या केशवाहिन्या उगवण्याचे. जखमेचा गाभा ऑक्सिजनपासून वंचित आणि कडा संपन्न, असा तीव्र फरक असला की शरीर तिकडे नव्या वाहिन्या पाठवते. रेडिएशन झालेल्या भागात हा फरक इतका सौम्य असतो की शरीराला तिथे काही बिघडले आहे याची दखलच घेता येत नाही. चेंबरमधल्या ऑक्सिजनने हा फरक तीव्र होतो आणि थांबलेले काम पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून बैठका महिना-दीड महिना चालतात. वाहिनी उगवायला वेळ लागतो आणि एकदा उगवली की ती चोवीस तास काम करते.

ऑक्सिजनची पातळी पेशीला कशी कळते हे उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. ऑक्सिजन पेशीसाठी इंधनाबरोबरच संदेशही असतो, हे त्यांच्या कामाने पक्के केले.

प्रत्यक्ष परिणामांचे चित्र मात्र संमिश्र आहे आणि ते तसेच सांगायला हवे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात वर्षाअखेर मधुमेही पायाची जखम पूर्ण भरण्याचे प्रमाण चेंबरमध्ये ऑक्सिजन घेतलेल्यांत ५२ टक्के, तर चेंबरमध्ये नुसती हवा घेतलेल्यांत २९ टक्के आढळले. पुढच्या कॅनडातल्या आणि नेदरलँड्‌समधल्या अभ्यासांत पाय वाचण्याच्या बाबतीत असा ठळक फरक दिसला नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्यांचा दात काढण्यापूर्वी खबरदारी म्हणून हा उपचार पूर्वी सर्रास सुचवला जाई. ब्रिटनमधल्या २०१९ च्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने असलेल्या आपल्या राज्यात हा निष्कर्ष प्रत्येक दंतवैद्याला ठाऊक असायला हवा. उलट, रेडिएशनने मूत्राशयाला झालेल्या इजेत चेंबरचा उपयोग होतो, हे त्याच वर्षीच्या युरोपीय चाचणीने दाखवले.

पाण्याखालची माणसे

ही चेंबरे मुळात रुग्णालयांसाठी बनलेलीच नव्हती. एकोणिसाव्या शतकात नद्यांच्या तळाशी पुलांचे पाये खणणारे मजूर दाबलेल्या हवेने भरलेल्या पेट्यांत काम करत. वर आल्यावर सांधे आवळून यायचे, काहींना लकवा व्हायचा, काही दगावायचे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग याच आजाराने अंथरुणाला खिळले. कारण सोड्याच्या बाटलीतलेच : दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, दाब झटकन उतरला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि वाहिन्या अडवतो. १८८९ च्या सुमारास हडसन नदीखालच्या बोगद्यावर अभियंता अर्नेस्ट मॉयर यांनी मजुरांसाठी लोखंडी टाकी बसवली. आजारी मजुराला आत घेऊन पुन्हा दाब द्यायचा आणि सावकाश उतरवायचा. मृत्यू झपाट्याने घटले.

आज पाणबुड्यांच्या 'बेंड्‌स'वर हाच इलाज आहे, फक्त जोडीला शुद्ध ऑक्सिजन असतो. दाबाने बुडबुडा लहान होतो आणि ऑक्सिजन त्यातला नायट्रोजन खेचून काढतो. रूढ वेळापत्रकात २.८ वातावरणांपासून सुरुवात करून जवळजवळ पाच तास लागतात. मुंबईत कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयात हे वैद्यक अनेक दशके जोपासले गेले आहे. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात पाइपलाइनींची देखभाल करणारे पाणबुडे आणि तारकर्लीला स्कूबा शिकायला जाणारी आपली मुले, या सगळ्यांच्या सुरक्षिततेचा पाया हेच ज्ञान आहे.

बंद न्हाणीघरातला वायू

दरवर्षी हिवाळ्यात वर्तमानपत्रांत एक बातमी येते : गॅस गिझर लावलेल्या बंद बाथरूममध्ये कुणीतरी बेशुद्ध होऊन दगावले. पुरेशी हवा नसताना गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनच्या दोनशेपट आणि त्याहूनही अधिक ओढीने तो हिमोग्लोबिनला चिकटतो. साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते, आणि मरणाच्या दारातल्या माणसाच्या बोटावरही तो चांगला आकडा दाखवू शकतो.

स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये एका उंदराला दोन वातावरणांच्या दाबाखाली ऑक्सिजनमध्ये ठेवले आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड सोडला. हिमोग्लोबिन निकामी झाले, तरी उंदीर जगला, प्लाझ्मात विरघळलेल्या ऑक्सिजनवर. बुरेमांच्या पिल्लांआधी पासष्ट वर्षे!

रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडायला साध्या हवेत चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे सव्वा ते दीड तास, आणि तीन वातावरणांच्या चेंबरमध्ये वीस-पंचवीस मिनिटे. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात, चोवीस तासांत तीन बैठका दिलेल्या रुग्णांपैकी २५ टक्क्यांना सहा आठवड्यांनी स्मृती-विचाराच्या तक्रारी होत्या. साधा ऑक्सिजन घेतलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. सर्व अभ्यासांचा कौल असा एकसारखा नाही. पण बेशुद्ध झालेला रुग्ण किंवा गर्भवती स्त्री असेल, तर जवळच्या चेंबरची चौकशी डॉक्टर ताबडतोब करतात. तोवर मास्कने शुद्ध ऑक्सिजन देणे हा पहिला आणि अत्यावश्यक उपचार.

मात्रा आणि विष

फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच दाखवून दिले होते की, जास्त दाबाच्या ऑक्सिजनने प्राण्यांना झटके येतात. पुढे लॉरेन स्मिथ यांनी दीर्घकाळच्या ऑक्सिजनने फुप्फुसे सुजतात हे सिद्ध केले. जॉन हॉल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलासाठी दाबाचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. ऑक्सिजनच्या झटक्यात त्यांच्या पाठीचे मणके चेपले आणि ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. बैठकीच्या मध्ये काही मिनिटे साधी हवा देतात ती हे झटके टाळण्यासाठी. आज योग्य वेळापत्रकात झटका क्वचित येतो, तो या माणसांनी सोसलेल्या वेदनांमुळे.

दुसरा धोका आगीचा. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीचा भडका क्षणात होतो. ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी इटलीत मिलान इथल्या रुग्णालयात चेंबरला आग लागून अकरा जण मृत्युमुखी पडले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका केंद्रातल्या चेंबरमध्ये पाच वर्षांच्या मुलाचा जळून मृत्यू झाला. म्हणून सुती कपडे, तेल-अत्तर वर्ज्य, मोबाइल बाहेर, हे नियम कुठल्याही सबबीखाली सैल करता कामा नयेत.

तिसरा धोका खोट्या आशेचा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, वार्धक्य अशा अनेक गोष्टींवर रामबाण म्हणून ही चेंबरे विकली जातात. त्यांतली काही तर कापडी-प्लास्टिकची, १.३ वातावरणांच्या पुढे न जाणारी असतात. सेरेब्रल पाल्सीबाबत कॅनडात १११ मुलांवर काळजीपूर्वक चाचणी झाली आणि २००१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. निम्म्या मुलांना १.७५ वातावरणांच्या दाबाला ऑक्सिजन दिला, निम्म्यांना १.३ वातावरणांच्या दाबाला साधी हवा. चाळीस बैठकांनंतर दोन्ही गटांतली मुले सारखीच सुधारली. ऑक्सिजनने वेगळे काही केल्याचे दिसले नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा दाव्यांविरुद्ध लोकांना उघड इशारा दिला. मुलासाठी दागिने मोडून पैसे उभे करणाऱ्या आई-बापांना हे सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

अतिदाब ऑक्सिजन ही जादू नाही आणि थोतांडही नाही. ते एक औषध आहे. दाब आणि वेळ ही त्याची मात्रा. बेंड्‌स, कार्बन मोनॉक्साइडची गंभीर विषबाधा, गॅस गँगरीन, रेडिएशनच्या काही इजा आणि निवडक मधुमेही जखमा यांत त्याला मानाचे स्थान आहे. जखमेची सफाई, साखरेवर ताबा आणि पायाचा रक्तपुरवठा तपासणे यांची जागा ते घेऊ शकत नाही. म्हणून या हिवाळ्याआधी बाथरूममधला गॅस गिझर बाहेर काढून मोकळ्या हवेत बसवून घ्या. आणि कुणी चेंबरचा सल्ला दिला तर कोणत्या आजारासाठी, किती दाबाला, किती बैठका आणि कोणाच्या देखरेखीखाली, या प्रश्नांची उत्तरे लेखी मागा. ती उत्तरे मिळेपर्यंत एक रुपयाही भरू नका.